घसा बसलाय

"वहिनी आतल्या खोलीत बसतील," वसंता म्हणाला. "कुणी इचारलंच तर घसा बसलाय म्हणायचं. इतकी काय मोठी गोष्ट हाये त्यात?"

कांताबाई तिथंच दारापाशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. धाकटा दीर आपल्याबद्दल बोलतोय, पण आपल्याकडे बघत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बऱ्याच जणांना ही सवय लागली होती. बाईचा आवाज गेला म्हणजे तिचे कानही गेले, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. त्यांनी हात पदराला पुसले, मांडीवरचा फोन उचलला आणि करंगळीनं लिहायला सुरुवात केली.

करंगळीनंच, कारण बाकीची बोटं फोनला कळतच नसत. जन्मभर कापूस वेचून अंगठ्याची आणि बोटांची कातडी अशी राठ झाली होती, की काचेवर कितीही दाबलं तरी फोन ढिम्म. बोट ओलं करून बघितलं, पदरानं घासून बघितलं. शेवटी करंगळी चालली. त्या एका बोटाला आयुष्यात फारसं काम पडलं नव्हतं.

"पण काका, त्यांनी भेटायचंच म्हणलं तर?" नागसेननं विचारलं.

"तर एकदा बाहेर यायचं, हात जोडून जयभीम घालायचा, अन् आत. गळ्यावर पदर घट्ट घ्यायचा. आरे, कॅन्सर म्हणलं की लोक पोरीकडं बघत न्हाईत, तिच्या पुढच्या पिढ्या मोजत बसतेत. भावनासाठी परतूरची सोयरीक आलीय, पोरगा शिक्षक हाये. हातची घालवायची का?"

नागसेननं बापाकडं पाहिलं. तातेराव खाटेवर बसून सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते. जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या दणदणाटात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि कानही तिथंच गेले. घरात त्यांना एकच आवाज ऐकू यायचा, बायकोचा. तो या बांधावरून त्या बांधाला जायचा. आता तोही नव्हता, त्यामुळे घरात काय चाललंय हे त्यांना कोणीतरी समोर येऊन सांगेपर्यंत कळत नसे. आणि सांगायला कुणाला सवड नव्हती.

"खुर्च्या शाळेतून आणल्यात," वसंता पुढं गेला. "पाण्याचा जार सांगितलाय. नाश्त्याला पोहे करा, उपमा नको, पोराच्या बापाला, कचरूभाऊला, उपमा आवडत न्हाई म्हणतेत."

"मी बाहेरच बसणार," फोन म्हणाला.

आवाज शहरातल्या बाईचा होता. स्वच्छ, गोड, बसस्टँडवर गाडी लागल्याचं सांगावं तसा. वसंतानं इकडंतिकडं पाहिलं. "कुणाच्या मोबाइलवर जाहिरात लागलीय, बंद करा बरं ती," असं म्हणून तो जार आला का बघायला बाहेर गेला. नागसेनही त्याच्या मागं गेला.

शीतल तेवढी थांबली. सुनेला माहीत होतं तो आवाज कुणाचा ते.

तिनंच तर शिकवलं होतं. नागसेन जालन्यात बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. आईला दवाखान्यातून आणल्यावर त्यानं शीतलला गावाकडं ठेवलं आणि स्वतः सुटीला येऊ लागला. फोन त्यानंच घेतला, मंठ्यातल्या दुकानातून, आईला सोबत नेऊन. तेव्हा दुकानातल्या पोरानं हौसेनं सांगितलं होतं, "मावशी, लिहायची तर गरजच न्हाई. हा माइक दाबायचा अन् बोलायचं. अडाण्याला बी येतं." नागसेन दुसरीकडं बघायला लागला. कांताबाईंनी गळ्यावरचं फडकं नीट केलं. त्या पोराला काही कळलं नाही. अडाण्यांसाठी जी सोपी वाट केली होती, ती ह्या बाईला बंद होती. चौथीपर्यंत शिकलेली आणि मग कधी पाटी न धरलेली बाई. तिला लिहूनच बोलायचं होतं.

सुरुवातीला त्या फोनला घाबरायच्या. एकदा त्याची बॅटरी लागली, टॉर्चसारखा उजेड पडला आणि काही केल्या विझेना. विचारणार कुणाला आणि कसं? शीतल शेतातून आली तेव्हा फोन गोधडीत गुंडाळून वर टोपली उपडी घातलेली, आणि सासू शेजारी बसलेली. मग अक्षरं सुरू झाली. क सापडला की काना सापडत नसे, काना सापडला की क पुसला जाई. जोडाक्षर आलं की त्या हात टेकायच्या. "आत्याबाई, 'नाही' लिहा, सोपं पडतं, फोनच पुढं सुचवतो," शीतल म्हणायची. कांताबाई मान हलवायच्या. त्यांना 'न्हाई'च लिहायचं होतं. न, खालचं टोक, मग ह. त्या एका शब्दावर त्यांनी कितीक दुपारी घालवल्या.

आणि एके दिवशी जेवताना फोन त्या बसस्टँडच्या बाईच्या आवाजात म्हणाला, "भाजीत मीठ कमी हाये. रोजच ऱ्हाते." शीतल हसता हसता रडली होती. ऑपरेशनपासून बाई अळणी भाजी गपगुमान खात होती.

आता शीतल सासूच्या समोर बसली. "म्या ऐकलं, आत्याबाई," ती म्हणाली. "थांबा, मी भावनाताईंशी बोलते. त्या म्हणल्या तर काका ऐकतील."

भावना आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या घालत होती. चापून बसवलेली निरी पुन्हा सोडत होती. ती नर्स, जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात. आईच्या गळ्यातली नळी सुरुवातीला तीच साफ करायची. घरात कुणाला बघवत नव्हतं तेव्हा तिनंच त्या छिद्रावर हात ठेवला होता.

"ताई, तुम्ही तरी सांगा काकांना. आत्याबाईला आत कोंडून ठेवायचं म्हणजे…"

"कोंडून कोण ठेवतंय?" भावना निरीकडं बघतच म्हणाली. "एका दिवसाचा प्रश्न हाये, वहिनी. एकदा पक्कं झालं की सांगू की."

शीतलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "राजानंदरावला सांगितलं न्हाई का तुम्ही? रोज तर बोलता."

"सांगणार व्हते." भावनाचा हात थांबला. "रोज ठरवते आज सांगू. त्यानं दुसरंच काहीतरी बोलायला काढलं की मंग जीवच होत न्हाई. वहिनी, दवाखान्यात मी रोज बघते. कॅन्सर म्हणलं की लोक पाण्याचा गिलास बी येगळा ठेवतेत. लागत न्हाई, पसरत न्हाई, कितीबी सांगा. मला तो पोरगा आवडलाय. लई दिवसांनी कुणी आवडलंय."

बोलता बोलता तिनं वर पाहिलं. दारात आई उभी होती.

कांताबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी फोन वर धरला, करंगळी काचेवर ठेवली. एक अक्षर. दुसरं. भावनाला ते बघवेना. आई काय लिहिणार ते तिला आधीच माहीत असल्यासारखं वाटत होतं, आणि बाहेर वसंताकाका ओरडत होता की गाडी पुलापर्यंत आलीय.

"माय, आत्ता नको. मंग लिही." तिनं पुढं होऊन आईच्या गळ्यावरचं फडकं सारखं केलं, पदर घट्ट ओढून खांद्यावर पिन लावली. हात सराईत होता, हलकाही होता. कांताबाईंनी अर्धं लिहिलेलं तसंच ठेवून फोन कमरेला खोचला.

पाहुणे आले. राजानंद, त्याचे वडील कचरूभाऊ आणि आई गयाबाई. जयभीम झाला, हातपाय धुणं झालं, पोहे झाले. कचरूभाऊ मोजकं बोलणारे. गयाबाई घरात शिरल्यापासून बोलत होत्या. रस्ता किती खराब, जीपवाल्यानं कसं कोंबलं, सोयाबीन यंदा कसं पिवळं पडलं. नागसेनला बरं वाटत होतं. बाई अशीच बोलत राहिली तर वेळ निभावून जाईल.

भावना चहा देऊन गेली. राजानंदनं कप घेताना वर पाहिलं आणि दोघांनाही हसू दाबता आलं नाही. वसंतानं नागसेनला कोपरानं ढोसलं. झालंच म्हण, असा त्याचा चेहरा.

"अन् पोरीची माय कुठाय?" गयाबाईंनी विचारलं. "मघापासून बघून राह्यले. सगळे दिसले, माय दिसंना."

कांताबाई आतून आल्या. हात जोडले. ठरल्याप्रमाणे आता त्यांनी आत जायचं होतं. त्या सतरंजीच्या कडेला बसल्या.

"काहो बाई, बोलत का न्हाई आमच्याशी?"

"घसा बसलाय तिचा," नागसेन म्हणाला. वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "थंडीनं."

"आगं बाई! मंग ज्येष्ठमध चघळा. हळद घालून दूध घ्या रात्री. आमच्या जाऊचा असाच बसला व्हता, चार रोजात मोकळा झाला."

कांताबाई त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी कमरेचा फोन काढला.

वसंताला ते दिसलं. "कचरूभाऊ, तुमच्याकडं कापसाला काय भाव निघाला हो यंदा?" तो जरा मोठ्यानंच म्हणाला. कचरूभाऊ उत्तर द्यायला वळले.

"थांबा ना जरा," गयाबाई म्हणाल्या. "बाई कायतरी लिहून राह्यल्या. लिहू द्या."

आणि सगळे थांबले.

पाहुणीच थांबा म्हणाली म्हटल्यावर बोलणार कोण? बाहेर शेळी ओरडत होती. पंखा कुरकुरत होता. नागसेननं आईची करंगळी आज पहिल्यांदा नीट पाहिली. सुटीला तो यायचा तेव्हा आई फोन घेऊन बसलेली दिसायची, पण तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत तो कधी बसला नव्हता. "चहा पायजे का? हां, करायला सांगतो," असं तिचं बोलणं तोच पुरं करून टाकायचा. आत्ता करंगळी एका अक्षरावर गेली, चुकली, मागं आली. दोन अक्षरं पुसली. कांताबाईंनी ती पदराला पुसली आणि पुन्हा ठेवली. नागसेनला काय येणार ते कळलं. हात पुढं करून फोन घेता आला असता. "आण माय, मी वाचून दाखवतो" म्हणता आलं असतं, आणि वेगळंच काही वाचता आलं असतं. त्याचा हात गुडघ्यावरून हलला, पण तिथंच राहिला.

"घसा बसला न्हाई," फोन त्या गोड, सपाट आवाजात म्हणाला. "मला कॅन्सर झाल्ता. डॉक्टरनं आवाजाची पेटी काढली. मिश्री लावून झालं. पोरीला काही न्हाई. पोरगी धडधाकट हाये. तुमाला माहीत पायजे म्हणून सांगितलं."

गयाबाईंचा हात आपसूक कमरेच्या बटव्यावर गेला आणि तिथंच राहिला. बटव्यात काय असतं ते त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

"म्हणजे तसं आम्ही सांगणारच व्हतो," वसंता घाईनं म्हणाला.

"कधी?" कचरूभाऊंनी कप खाली ठेवला.

वसंतानं पोह्याच्या रिकाम्या बश्या गोळा करायला घेतल्या.

"दुखण्याचं काही न्हाई, पाव्हणं. दुखणं कुणाच्या घरी येत न्हाई? पण आत्ता तुमचा पोरगा माझ्या तोंडावर घसा बसलाय म्हणला." ते नागसेनकडं नाही, मुलाकडं बघत होते. "तुला माहीत व्हतं का रे?"

राजानंदनं आतल्या दाराकडं पाहिलं. तिथं भावना उभी होती. "न्हाई," तो म्हणाला.

कचरूभाऊ उठले. घरी जाऊन कळवतो, असं म्हणाले. गयाबाई जाता जाता कांताबाईंसमोर थांबल्या, गळ्याकडं बघितलं, "दुखतं का?" असं हळूच विचारलं. कांताबाईंनी मान हलवली. नाही. जीप सुरू झाली आणि धूळ उडवत पुलाकडं गेली.

"झालं समाधान?" वसंता वहिनीला म्हणाला. ही इतक्या दिवसांत त्यानं त्यांना थेट विचारलेली पहिली गोष्ट होती. उत्तरासाठी तो थांबला नाही. चपला घालून निघून गेला.

भावना बाहेर आली. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं. "माय, एक दिवस," ती म्हणाली, "एक दिवस तुला गप बसता आलं न्हाई का?"

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं आपण काय बोललो. शीतलनं तोंडावर हात ठेवला.

कांताबाईंनी फोन घेतला. या वेळी भावना हलली नाही. तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली आणि आईचं बोट बघत राहिली. लिहायला बराच वेळ लागला.

"काय झालं?" तातेराव खाटेवरून म्हणाले. जोरात, बहिरी माणसं बोलतात तसं. "पाव्हणे उठून का गेले? मला कुणी सांगतंय का न्हाई?"

कांताबाई उठल्या आणि बोलायचं बटण न दाबता फोन त्यांच्या हातात दिला. अक्षरं शीतलनं मोठी करून ठेवली होती. तातेरावांनी फोन लांब धरला आणि वाचायला लागले. त्यांना मनात वाचायची सवय नव्हती, आणि आपला आवाज किती चढतोय हेही कळत नव्हतं.

"भावना. तुझ्या लग्नात मी कुठं लपू? मांडवात घसा बसलाय म्हणणार. तुझ्या लेकराच्या बारशाला घसा बसलाय म्हणणार. किती वर्षं बसवणार माझा घसा? तुझ्या घरी यायचं तर मला माझ्या तोंडानं यायचं हाये."

शेजारच्या अंगणातली धुण्याची थापी थांबली. तातेरावांनी ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी हळू. मग वर बघितलं.

"घसा बसलाय कोण म्हणलं?"

"मी," नागसेन म्हणाला. बापाला ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तातेराव त्याच्याकडं बघत राहिले. नागसेनला वाटलं, बोलले असते तर बरं झालं असतं.

भावना आईजवळ येऊन बसली. पदराला लावलेली पिन तिनं काढली. "त्याला मी सांगायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "तू न्हाई. मी." कांताबाईंनी तिच्या गालावरचं काजळ करंगळीनं पुसलं.

ऊन उतरलं. शाळेच्या खुर्च्या नागसेननं एकट्यानंच परत पोचवल्या. भावनानं दोनदा राजानंदला फोन लावला, त्यानं उचलला नाही. शीतलनं उरलेले पोहे गरम केले, पण कुणी खाल्ले नाहीत. दिवे लागायच्या सुमाराला सगळे ओसरीत बसलेले असताना कुठूनतरी बासरी वाजायला लागली.

नागसेननं खिसा चाचपला. भावनानं आपला फोन बघितला. "माझा न्हाई," शीतल म्हणाली. बासरी वाजतच होती. कांताबाईंना आपल्या कमरेशी काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, तसा त्यांनी दचकून फोन बाहेर काढला. काचेवर कसलंसं हिरवं गोल नाचत होतं. हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं सुचलंच नव्हतं. फोन घरात आल्यापासून त्यावर एकदाही कुणाचा फोन आला नव्हता. बोलता न येणाऱ्या बाईला फोन कोण करणार?

"जाताना गयाबाईंनी माझ्याकडून नंबर घेतला," शीतल हळूच म्हणाली. "मला वाटलं, उगंच."

कांताबाईंनी फोन भावनाकडं केला. भावनानं तो घेतला नाही. आईची करंगळी धरली, हिरव्या गोलावर ठेवली. "दाबायचं न्हाई, माय. वर सरकव. हां. असं."

"हॅलो?" गयाबाईंचा आवाज ओसरीभर झाला. मागं भांड्यांचा आवाज येत होता. "हॅलो, इहीणबाई? बोलू नका, मला माहीत हाये. मी बोलते, तुम्ही ऐका. आमचं माणूस फुगलंय. जीपमधी परतूरपोतर एक शब्द बोललं न्हाई. फुगू द्या. पोरगा बी तुमच्या पोरीवर रुसलाय, त्याचं त्याला अन् तिचं तिला मिटवू द्या. पण मी सांगितलं दोघाला. आख्ख्या घरात खरं बोलली ती एकटी ती बाई, अन् तिला तर बोलता बी येत न्हाई. अशा घरची पोरगी सोडायची का म्हणलं?"

भावनानं आईचा दंड घट्ट धरला.

"आम्ही पुढच्या आयतवारी परत येतो. या टायमाला तुम्ही बाहेरच बसायचं, माझ्याजवळ. अन् दुसरं," गयाबाईंचा आवाज खाली आला, "ते मिश्रीचं. मला इचारायचंय. घसा माझा बी दुखतो कधीमधी. घरात कुणाला सांगितलं न्हाई. तुम्हाला आधी काय झाल्तं, कसं कळालं, ते मला सगळं पायजे. मला वाचता येत न्हाई, तर त्या फोनमधल्या बाईकडून सांगा. म्या कितीबी येळ थांबते." मग त्या थांबल्या. "ऐकून राह्यल्या ना?"

कांताबाईंनी तोंड उघडलं. श्वास गळ्यातून निघून गेला, फडकं हललं, बाकी काही नाही. पलीकडून पुन्हा आवाज आला. "इहीणबाई? हाव का न्हाई?"

कांताबाईंनी काचेवर नखानं टिचकी मारली.

"हां, आलं ऐकू," गयाबाई म्हणाल्या, आणि पुढं बोलायला लागल्या. घशाचं, नवऱ्याचं, जीपवाल्याचं, सगळं. आणि मधूनच त्या थांबायच्या, टिचकी येईपर्यंत.